खळ दिलेला फळा

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला काळा रंग आणि खडूची भुकटी आठवते. मी त्यातला नाही. मी एक जुना फलालीनचा फळा आहे, आणि माझ्यावर आजवर कोणी एक अक्षरही लिहिलेलं नाही. प्लायवूडच्या पाटीवर हिरवं, लव असलेलं फलालीन ताणायचं आणि मागून नाडीनं आवळायचं, एवढीच माझी घडण. चित्राच्या पाठीला सुताराकडच्या काचकागदाचा तुकडा डकवला की ते माझ्या लवेला धरून उभं राहायचं. टाचणी नको, डिंक नको. माझा सगळा जीव त्या लवेत होता. होता म्हणतो, कारण आता ती नाही. हे सांगताना मला फारसं काही वाटत नाही, तेव्हा तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म एका सहकारी दूध संस्थेच्या कचेरीत झाला. बहात्तरचा दुष्काळ तोंडावर होता. संस्थेचे प्रचारक कल्याणप्पा मला सायकलला बांधून गावोगाव न्यायचे आणि चित्रं लावून सहकाराचं महत्त्व सांगायचे. दूध कुठून येणार, जनावरांना चारा नाही, हे त्यांनाही दिसत होतं. पण पगार सांगण्याचा होता, म्हणून ते सांगत.

जळकोटच्या शिवारात रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला खडी फोडणाऱ्या बायांसमोर उभं केलं. पहिलं चित्र लावलं, त्यात एक बाई रिकामी घागर घेऊन निघालेली. दुसरं लावलं, त्यात तीच बाई भरली घागर घेऊन गोठ्यात आलेली आणि गाय तिच्याकडे बघत उभी. समोर हरणाबाई बसली होती. जातीची धनगर. मेंढरं दुष्काळात हातची गेली आणि हातात हातोडी आली. ती म्हणाली, "कल्याणप्पा, ह्या दोन चित्रांच्या मधी पानी आलं कुठनं? ते दावा की! तेवढंच चित्र आणायला इसरलाव व्हय?"

बाया खो खो हसल्या. कल्याणप्पाही हसले. हसली नाही ती फक्त हरणाबाईची मुलगी तारामती. ती आईशेजारी खडी वेचत होती. दोन चित्रांच्या मधे माझी जी हिरवी रिकामी जागा होती, तिच्याकडे ती टक लावून बघत राहिली.

पुढे संस्था बसली. कचेरीतलं सामान भंगारात निघालं आणि त्यात मीही निघालो. बरीच वर्षं मी भंगारवाल्याकडे सायकलच्या टायरांखाली पडून होतो. तिथून मला उचललं ते तारामतीनंच. तोवर शिकून ती धाराशिवच्या एका महाविद्यालयात मराठीची प्राध्यापिका झाली होती. हरणाबाई तिच्याकडेच राहायची.

तारामतीनं दर शनिवारी चित्रकथांचा वर्ग सुरू केला. तुळजापूरच्या बसस्टँडवर रंगीत चित्रकथांची जुनी पुस्तकं मिळायची. ती आणायची, एकेक चौकट कापायची, पाठीला काचकागद लावायचा आणि माझ्यावर मांडायची. पोरांनी क्रम बदलून बघायचा, एखादी चौकट काढून बघायची. गोष्ट चित्रात किती असते आणि मधल्या मोकळ्या जागेत वाचणारा किती घालतो, हा तिचा विषय. सुरुवात ती आईच्या प्रश्नानंच करायची, "पाणी आलं कुठून?"

वर्गात फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याचा बब्रुवान होता. तो एकदा म्हणाला, "मॅडम, फटाक्याची वात पेटली हे एक चित्र. दुसऱ्यात पोरं कानावर हात ठेवून उभी. मग आवाज मधल्या जागंत झाला की!" तारामती इतकी खूश झाली की तिनं त्याला सगळ्या वर्गापुढं दोनदा बोलायला लावलं. ते माझे भाग्याचे दिवस होते.

विभागप्रमुख माणिकप्पा सर मात्र कपाळाला हात लावायचे. "बाई, पोरं इथं बी.ए. करायला येतात, बालवाडीत नव्हे." तरी ती मागे हटली नाही. चित्रकथा हा विषय रीतसर अभ्यासक्रमात यावा म्हणून तिनं विद्यापीठाचा पिच्छा पुरवला. खडीच्या ढिगावर बसून आपल्या अडाणी आईनं विचारलेल्या प्रश्नाला विद्यापीठात जागा मिळावी, एवढीच तिची इच्छा होती. शेवटी उत्तर आलं. समिती येईल, वर्ग बघेल आणि मग ठरवेल. तारीख नेमकी घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची निघाली.

कॉलेजात उंदीर फार, म्हणून तारामती मला घरी ठेवायची. रोज संध्याकाळी मऊ ब्रशानं माझी लव उभी करायची. हरणाबाई ते बघायची. लेक ह्या कापडाला एवढी जपते, पण कोरड्या ब्रशानं कुठं काही साफ होतं, असं तिच्या मनात आलं असावं.

आमच्याकडे घट बसायच्या आत दसरा काढतात. म्हणजे घरातलं एकूण एक कापड धुवायचं, चिंधीसुद्धा ठेवायची नाही. ते साल पुन्हा टंचाईचं. टँकरचं पाणी घागरीनं मोजून मिळायचं. तारामती कॉलेजात गेली आणि हरणाबाईनं स्वतःची अंघोळ राहू देऊन त्या पाण्यात मला धुतलं. तेवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण ती धनगराची बाई. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिल्याशिवाय तिचं काम पुरं होत नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं चिंचोके शिजवले, वाटले, आणि ती चिकट खळ कुंच्यानं माझ्यावर एकसारखी फिरवली. उन्हात मी पापडासारखा कडक झालो. माझी लव जागच्या जागी झोपली. तिनं मला पाटीवर ताणलं, नाडी आवळली आणि धुतलेल्या धडप्यात गुंडाळून ठेवलं. तारामती तयारी आटोपून रात्री उशिरा आली, म्हणून त्या संध्याकाळी ब्रश फिरलाच नाही. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

सकाळी तारामतीनं मला तसंच काखोटीला मारलं. वर्गात समितीचे तीन गृहस्थ आधीच येऊन बसले होते. तिनं धडपं सोडलं. हिरवा रंग कधी नव्हे इतका खुलला होता. तिनं तळहात फिरवला आणि हात मधेच थांबला. वास तिच्या ओळखीचा होता.

पहिलं चित्र लावलं, पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. बब्रुवाननं उचलून दाबून धरलं, हात काढला तसं ते पडलं. समितीतले एक गृहस्थ हसत म्हणाले, "बाई, तुमची चित्रंच टिकत नाहीत, विषय काय टिकणार?" सगळे हसले. माणिकप्पा सरांनी मात्र हळू आवाजात विचारलं, "काय झालं हो?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग ते हसू हरणाबाईकडे वळलं असतं. तारामती म्हणाली, "चूक माझीच आहे, सर." पुढचा तास तिनं तोंडी शिकवला. कुणी फारसं ऐकत नव्हतं. विषय नामंजूर झाला.

घरी हरणाबाई उंबऱ्यातच बसली होती. "तारे, धरली का गं चित्रं? म्या तुझ्या फळ्याला चांगली खळ दिली. किती दिस झालं, कोनी धुतलंच न्हवतं त्याला."

"धरली, आई. लई चांगली धरली."

"मग! म्या म्हनलं न्हवतं?"

त्यानंतर हरणाबाईनं दर दसऱ्याला मला खळ दिली. बाजारात नवं फलालीन मिळत होतं, तारामतीनं ते आणलं नाही. शनिवारी ती व्याकरण शिकवू लागली. चौकटी ट्रंकेत गेल्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि हळूहळू मला कशाचंच काही वाटेनासं झालं. तिलाही तसंच झालं असावं.

हरणाबाई गेली, त्या वर्षी घटाच्या आधी तारामतीनं बादलीभर पाणी तापवलं आणि माझी नाडी सोडली. गरम पाण्यात खळ निघते, हे धनगराच्या लेकीला कुणी सांगायला नको. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या कडेला हरणाबाईच्या कुंच्याचे फराटे वाळून बसले होते. तिनं त्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं मला न धुताच परत पाटीवर चढवलं, नाडी आवळली, आणि ती बादली उचलून अंघोळीला गेली.

मित्रांनो, कुणाच्या वस्तूवर माया करायची असेल, तर ती वस्तू कशावर जगते हे आधी त्या माणसाला विचारा. एवढंच मला सांगायचं होतं. आणि कधी मी तुमच्या हाती लागलो, तर माझ्यावरची धूळ खुशाल झटका, पण मला धुऊ नका.