एक वाजताची गाडी
सहलींच्या ऑफिसात सतरा वर्षं काढलेल्या बाईला स्वतःच्या बापाची एक सहल नीट लावता येऊ नये? सोमवारपासून तिला हीच धास्ती लागली होती.

बाबांचा डावा डोळा कधीच गेला होता आणि उजव्याचं ऑपरेशन बुधवारी सकाळी होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "नजर राहील किंवा जाईल. निम्मी-निम्मी आशा धरा." त्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मग त्याआधी मला महाल दाखवा."

महाल म्हणजे शहरापासून अडीच तासांवरचा, शेकडो कोरीव खांबांचा तो पुरातन महाल. जगभरातून माणसं बघायला येतात. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि शहरातल्या निम्म्या हॉटेलांच्या पाट्यांवर फोटोवरून हाच महाल काढला. प्रत्यक्षात मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहूनच गेलं. आणि ही लेक! रोज बसच्या बस भरून तिकडे धाडायची, बापाला एकदाही नेलं नाही. ते तिला आता फार लागत होतं.

हाताशी उरला एकटा मंगळवार. सकाळी दवाखान्यात तपासण्या, साडेबाराला सुटका, एकला गाडी, साडेतीनला महाल. चारला महाल बंद होतो. म्हणजे सगळं मिळून अर्ध्या तासाची फुरसत. भावाने फोनवर तोंड सोडलं, "वेड लागलंय का तुम्हा दोघांना? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाच तासांचा प्रवास?"

"डॉक्टर हो म्हणालेत, दादा. तू उगाच मोडता घालू नकोस," म्हणून तिने फोन ठेवला.

मग ऑफिसच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांना गाठलं. बारा वर्षांची ओळख, माणूस वेळेचा एकदम पक्का. "काका, उद्या बाबांना घेऊन महालाला जायचंय. एक वाजता, दवाखान्याच्या दारात."

"एक. झालंच म्हणून समजा," काका म्हणाले.

मंगळवारी पाऊण वाजताच दोघं दवाखान्याच्या पायरीवर हजर. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते एका डोळ्याने रस्ता न्याहाळत बसले होते. एक वाजला. मग एक दहा झाले. तिने फोन लावला, पण गाडी चालवताना काका फोन उचलत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. दुसरी गाडी करावी तर काका आत्ता पुढच्या वळणावर असतील, न करावी तर एकेक मिनिट हातातून चाललेलं. एक वीसला तिने पुन्हा फोन लावला.

"ती निळी का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

दीडच्या ठोक्याला काका शीळ घालत आले. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "काका, एक म्हटलं होतं ना मी!"

"हो की. म्हणून तर दीडला आलो," काका गोंधळून म्हणाले. "आपल्याकडे एक म्हणजे दीडच ना?"

मग तिच्या लक्षात आलं. गिऱ्हाइकं कायम उशिरा येतात, म्हणून ऑफिसात सगळ्यांना अर्धा तास आधीची वेळ सांगायची आणि ड्रायव्हरने अर्धा तास उशिरा यायचं, हा नियम तिचाच. वर्षानुवर्षं बिनदिक्कत थापा मारल्या. या खेपेला पहिल्यांदा खरी वेळ सांगितली, आणि ती खरी आहे एवढं सांगायचं राहिलं!

बिचाऱ्या काकांनी गाडी अशी हाणली की विचारता सोय नाही, पण शहराबाहेर पडतानाच गर्दीत वेळ गेला होता. मागे बाबा दर दहा मिनिटांनी विचारत होते, "पोचू ना गं?" आणि ती घड्याळावर हात ठेवून म्हणत होती, "पोचू."

पोचले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. लोखंडी दरवाज्याला साखळी-कुलूप लागलं होतं.

"ऐका ना, उद्या यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ती रखवालदाराला म्हणाली. "पाच मिनिटं. पाया पडते तुमच्या."

"अहो ताई, असं नका करू. किल्ली साहेब घेऊन गेले, मी तरी काय करू?" तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे तर नुसती काठी होती.

गजांतून समोरची उंच भिंत दिसत होती आणि भिंतीवरून छपराची दगडी कड. खांब एकही नाही. बाबा गज धरून त्या कडेकडे बघत राहिले. तिला राहवेना, ती हमसाहमशी रडायला लागली. "चुकलं हो बाबा, माझंच चुकलं. एवढी एक गोष्ट मागितलीत तुम्ही."

बाबांनी गज सोडले आणि महालाकडे पाठ केली.

"इकडे ये. उजेडात."

"माझं काय बघताय? तिकडे बघा, जेवढं दिसतंय तेवढं तरी."

"बघितलं." त्यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला, तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि कपाळापासून सावकाश बघायला सुरुवात केली. भुवया, नाक, गालावरचा लहानपणीचा व्रण. "डोळे पूस आधी. तुझं रडकं तोंड डोळ्यांत घेऊन नाही जायचं मला उद्या आत."

तिने बाहीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि कसंबसं हसू आणलं.

"हां, असं," बाबा म्हणाले. "आता हलू नकोस."