पोर्ताफ्रेद्दा म्हणजे थंड दार

रेन्झोचं आडनाव जपानी लिपीत लिहिलं की दारावरच्या पाटीत मावत नसे. तोक्योत ओजिमाच्या सरकारी वसाहतीत घर मिळालं तेव्हा त्याच्या बायकोने, शैलजाने, अक्षरं बारीक करकरून ते कसंबसं बसवलं होतं. पोर्ताफ्रेद्दा. ऑफिसात त्या आडनावाच्या वाटेला कोणी जातच नसे. सगळ्यांचा तो रेन्झो-सान.

शैलजा पुण्याची, माहेरची नेरूरकर. रसायनशास्त्रात पीएचडी करायला ती तोक्योला आली, प्रयोगशाळेत रेन्झो भेटला आणि ती इथलीच होऊन गेली. लग्नाआधी तिने त्याला गाव विचारलं होतं. आमच्याकडे आडनावावरून गाव कळतं, नेरूरकर म्हणजे नेरूरचे, असं तिने सांगितल्यावर तो हसला होता. त्याला आपलं गाव माहीतच नव्हतं. तो लहान असताना वडील डोंगरात पाय घसरून पडले आणि गेले, एवढंच आईने सांगितलेलं. आई त्याला घेऊन मिलानला आली, तिने दुसरं लग्न केलं, आणि त्या घराचं नाव पुन्हा काढलं नाही. ती मेली तेव्हा विचारायला कोणी उरलं नाही.

चाळिशी उलटली आणि रेन्झो अडखळायला लागला. आधी स्टेशनच्या जिन्यात, मग घरातल्या घरात. सायकलवरून दोनदा पडला. चपलांचं निमित्त झालं, चष्म्याचं झालं. मग हातातून कप सुटायला लागले, बोलताना शब्द एकमेकांत अडकायला लागले, तेव्हा शैलजाने त्याला धरून हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी विचारलं, वडिलांकडे असं कोणाला झालं होतं का? रेन्झो म्हणाला, वडील तर अपघातात गेले. बाईंनी ते लिहून घेतलं, पण त्यांचा चेहरा काही हलका झाला नाही.

त्या आठवड्यात शैलजाने पहिल्यांदा नवऱ्याचं आडनाव इंटरनेटवर शोधलं. इटालियन आडनावांची माहिती देणारं एक पान सापडलं. त्यात लिहिलं होतं की हे आडनाव फार दुर्मिळ आहे. पोर्ता म्हणजे दार, फ्रेद्दा म्हणजे थंड. डोंगरातल्या एका मठाच्या दाराशी कुणीतरी हिवाळ्यात तान्हं मूल टाकून गेलं. मठवाल्यांनी त्याला हे नाव दिलं. पुढे त्याचा वंश त्याच खोऱ्यात वाढला. म्हणजे या नावाच्या माणसांना मागे कोणी नव्हतं आणि पुढचे सगळे त्या एका पोराचेच होते. खाली नकाशा होता. शंभर वर्षांपूर्वी त्या खोऱ्यात या नावाची साठेक घरं होती. आता दोन-तीन उरली होती. लोक शहरांत गेल्यामुळे नाव मागे पडलं असावं, असा त्या पानाचा अंदाज होता.

शैलजाला आधी आनंदच झाला. रेन्झोला गाव मिळालं होतं. तिने तिथल्या ग्रामपंचायतीला मेल केला, आणि त्यांनी ल्युचिया नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेचा फोन नंबर कळवला. ती लग्न होऊन त्या घरात आलेली.

रविवारी संध्याकाळी रेन्झोने फोन लावला. शैलजाला इटालियन येत नव्हतं. ती समोर बसून नुसता त्याचा चेहरा बघत होती. पहिल्यांदा तो हसत होता. मग म्हातारी काहीतरी बोलली आणि त्याचं हसू मावळलं. मग बराच वेळ तीच बोलत होती. फोन ठेवल्यावर शैलजाने काय झालं ते विचारलं.

"मी माझं नाव सांगितलं," तो सावकाश, एकेक शब्द वेगळा करत म्हणाला. "आजारी आहे म्हणालो. कसला आजार, ते तिने विचारलंच नाही. कुठला पाय आधी ओढायला लागला, एवढंच विचारलं."

पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ल्युचियाचा नवरा याच आजारात गेला, दीर गेला, एक मुलगा गेला. रेन्झोचे वडील पाय घसरून पडले होते हे खरं, पण त्याआधी दोन वर्षं ते नीट चालूच शकत नव्हते. गावात त्या आजाराला 'दारातला वारा लागला' म्हणत. वर्षानुवर्षं त्या घरात कोणी मुलगी द्यायला धजत नसे. मुलगे लग्नाशिवाय राहिले आणि तरुणपणीच गेले. मुली मात्र लांबलांबच्या गावी लग्न करून गेल्या, दुसरी आडनावं लावली आणि तोंड मिटून राहिल्या. म्हणून नाव आटत गेलं. शहरं कारण नव्हती. रेन्झोच्या रक्ताच्या तपासणीने पुढच्याच महिन्यात म्हातारीचं म्हणणं खरं ठरवलं. आजाराच्या नावात दोन डॉक्टरांची आडनावं होती. औषध नव्हतं. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी.

त्यांची मुलगी पूर्वी तेव्हा सतरा वर्षांची होती. इतक्यात तिला काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. बाबांना नसांचा आजार आहे, एवढंच तिला माहीत राहिलं.

रेन्झो तीन वर्षं टिकला. शेवटी शेवटी शैलजा त्याला काखेत हात घालून उचलायची, न्हाणीघरात न्यायची, भरवायची. घास गिळवेनासा झाला तेव्हा हॉस्पिटलात हलवावं लागलं, आणि प्लमच्या झाडांना फुलं आली तेव्हा तो तिथेच गेला.

पुण्याहून तिच्या थोरल्या भावाचा, नंदकिशोरचा फोन आला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो मायेनेच बोलला. पोरीचं आडनाव नेरूरकर करून टाक म्हणाला, तिला इकडे घेऊन ये, कुठे काही बोलू नकोस. "शैला, कोणाला कळणारही नाही. चारचौघींसारखं लग्न होऊन जाईल तिचं." शैलजाने फोन ठेवला, आणि तो विचार तिच्या मनातून दोन दिवस हलेना. तिला त्याची लाज वाटली नाही. बुडत्याला काडीचा आधार असतो, तसा तो वाटला.

शनिवारी दुपारी तिने वरणभात केला, पूर्वीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आडनाव, मठ, खोरं, म्हातारी. मामा काय म्हणतो तेही. पूर्वी घरात जपानीच जास्त बोले, पण त्या दिवशी तिने मराठीत उत्तर दिलं. तिची मराठी जरा तुटक होती.

"आई, मला माहितीये. बाबा फोनवर बोलत होते तेव्हा मी आतल्या खोलीत होते. मला इटालियन येतं. बाबांनीच शिकवलं ना."

शैलजाला कळण्याच्या आधी, ती समोर बसून नवऱ्याचा चेहरा बघत होती तेव्हाच, पोरीने ते ऐकलं होतं. तीन वर्षं ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम काम केलं, बापाच्या तोंडाशी सुपाचा चमचा धरला आणि एका शब्दाने बोलली नाही.

"मला का नाही विचारलंस गं?"

"तू तेव्हा बाबांचं करत होतीस," पूर्वी म्हणाली. मग तिने आडनावाचंही उत्तर दिलं. "त्या गावातल्या मुलींनी नाव बदललंच होतं, आई. त्यांच्या पोरांना कोणी काही सांगितलं नाही."

तपासणी करून घ्यायची हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. वीस पूर्ण होण्याची ती वाट बघत होती. शैलजाने तिला अडवून बघितलं. न कळलेलं बरं, निम्मी आशा तरी राहते, असं तिने परोपरीने सांगितलं. पूर्वीने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

निकालाच्या दिवशी बाईंनी कागद या दोघींकडे वळवला नाही, तेव्हाच शैलजा समजली. बाई हळू आवाजात जपानीत बोलल्या. अजून वीसेक वर्षं हातात आहेत, संशोधन चालू आहे, आमचं दार केव्हाही उघडं आहे. पूर्वीने कमरेत वाकून त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडली. शैलजा तिला थोपटत राहिली. बरं होईल, असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर ते पोरीला खोटंच वाटलं असतं.

त्यानंतर पूर्वीने पुन्हा तो विषय काढला नाही. कॉलेज चालू आहे, काम चालू आहे. एका मुलाशी मैत्री होती, ती तिने आपणहून तोडली. लग्न नाही, मूल नाही, हे नाव माझ्यापाशीच संपेल, असं ती एकदा भांडी पुसता पुसता बोलून गेली.

शैलजाला आता पन्नास झाली. पूर्वी बापाच्या वयाला येईल तेव्हा ती सत्तरीच्या पलीकडे असेल. हल्ली रोज सकाळी वसाहतीच्या पटांगणात रेडिओ लावून म्हातारेकोतारे व्यायाम करतात, त्यांच्यात ती जाऊन उभी राहते. गुडघे कुरकुरतात, पण एक दिवस चुकवत नाही. शेजारच्या आजींनी एकदा कौतुकाने विचारलं, इतक्या कमी वयात कशाला सुरुवात केलीत? शैलजा म्हणाली, अंगात बळ राहायला हवं. माणूस उचलायला फार बळ लागतं, हे तिने सांगितलं नाही.