शेवंताची नाडी

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारातूनच मागे फिरलं.

"नाडी दीडशेच्या वर गेलीय," शेवंताचं मनगट सोडत डॉक्टर म्हणाले. "आज नको."

अभिमन भिंतीला टेकून उभा होता. पोरीला आत नेताना त्याला हुंदका आवरला नव्हता, आणि अकरा वर्षांच्या शेवंतानं मान वळवून ते पाहिलं होतं.

पारोळ्याकडच्या गावांत विहिरीत उतरून बिघडलेले पंप वर काढायचे, हा अभिमनचा धंदा. दोराच्या भरवशावर काळ्या पाण्यापर्यंत जायचं. तिथं तो कधी भ्याला नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी शेवंताचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागले, गळा सुजला, हातातली पेन्सिल थरथरू लागली. भाकरीवर भाकरी खाऊनही ती वाळत चालली. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी दाखवली. ती नको तेवढं काम करते म्हणाले. गोळ्यांनी उतार पडला, मग त्याच गोळ्यांनी रक्त बिघडलं. ऑपरेशन तेवढं उरलं. आई रुक्माबाई घरी ओली बाळंतीण, म्हणून दवाखान्यात बापच.

डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात नेलं. "तिची नाडी अशी धावत असताना भूल दिली, तर हृदयाला झेपणार नाही. तिला शांत ठेवायला हवं, अभिमन."

"तिना आवाज जाई का, डाक्टरसाहेब?"

"आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच असते. मी जपेन. शब्द मात्र देता येत नाही."

पुढचे काही दिवस अभिमन दुधातून औषधाचे थेंब पाजत राहिला. हसून बोलायचा, विहिरीतल्या कासवांच्या गोष्टी सांगायचा. पण पेला पुढे करताना तिच्या हातापेक्षा त्याचाच हात जास्त कापे. शेवंता गोष्टी ऐकायची आणि पेल्याकडे बघायची.

पुन्हा ऑपरेशनचा दिवस आला. नर्सनं तिच्या वेण्या घातल्या.

"आबा, तुम्ही आठे नका थांबू," शेवंता म्हणाली.

"का वं माय?"

"तुम्हनं तोंड देखीसन माले भ्याव वाटस."

आपण जवळ आहोत हाच तिला आधार, असं तो इतके दिवस धरून चालला होता.

"मंग जाऊ?"

"हां. भायेर जाईसन बठा."

डोक्यावरून हात फिरवावा असं त्याला वाटलं. पण हात खिशात घालून अभिमन निघाला. वळून पाहिलं नाही.

बाहेर लिंबाच्या पारावर तो बसून राहिला. कुणी दिलेला चहा निवून गेला. शिपाई दारात येऊन कुणाचंही नाव घेई, की तो उठून उभा राही. ती आत हाक मारत असेल तर? आणि हाक फुटतच नसेल तर?

दुपारी नाव आलं. तो आत गेला.

शेवंताच्या गळ्याभोवती पट्टी होती. डॉक्टर वाकले. "बाळ, नाव सांग."

ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही.

"परत सांग."

"शेवंता." म्हातारीसारखा, घोगरा, निम्मा वाराच असलेला आवाज.

"नाडी छान आहे," डॉक्टर अभिमनला म्हणाले. "आवाज काही महिन्यांत सुधारेल. किंवा एवढाच राहील."

"आबा, तीस लागनी," ती म्हणाली. त्यानं चमच्यानं पाणी पाजलं.

घरी परतताना बस भरलेली होती. कंडक्टर गर्दीतून वाट काढत त्यांच्या बाकाशी आला. "कुठं?"

अभिमननं तोंड उघडलं, तोवर शेवंता बोलली होती. इंजिनाच्या घरघरीत ते विरलं. कंडक्टरनं बापाकडे पाहिलं. अभिमन खिडकीबाहेर बघत राहिला.

शेवंतानं श्वास घेतला. "पारोळं. एक फुल, एक हाफ."

कंडक्टर खाली वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला. मग चिमट्यानं तिकिटं टोचून त्यानं ती तिच्याच हातात दिली.