केळीचे नाव

आमच्या रांधायच्या केळीला बी सहसा धरत नाही. पहाटेच्या ओल्या उजेडात शिडीवर चढून केळफुलांवर पराग ठेवायचा, घड पिकू द्यायचे, चिरायचे, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी परतायचे. अशा कैक घडांनंतर मला एक काळे बी मिळाले. नळीत जपलेल्या त्याच्या कोंबापासून मी झाड वाढवले. त्याच्या पानांना करपा रोग शिवला नाही.

त्या झाडाच्या बळावर मला बेल्जियमची संशोधनवृत्ती मिळायची होती. ती मिळाली कियेंबाला. संशोधन केंद्रात माझ्या शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या त्या माणसाने झाड स्वतःचे म्हणून मांडले, संचालकांनी मान डोलावली. निरोपाच्या दिवशी मीही सर्वांबरोबर हात हलवला.

नंतर माझा राग केळीच्या कंदासारखा जमिनीखालून पसरत गेला. त्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे मी आसपासच्या बायकांना लावायला वाटले. मोबदला मागितला नाही. नाव मात्र मी दिले. आमच्याकडे नावावाचून कुणी केळ परसात उभी करत नाही, आणि एकदा बाजाराच्या जिभेवर बसलेले नाव खुद्द आमच्या राजाला, कबाकालाही पुसता येत नाही.

वृत्तीच्या अखेरच्या वर्षी कियेंबा परतला.

"तिथली सगळी रोपं सडली, नाबोसा. जिवंत झाड दाखवल्याशिवाय पदवी नाही. दोन मुनवे दे. जुनी ओळख आहे आपली."

"केंद्रात उरले नाहीत. बाजारात चल."

बाजारात मुनवे विकणारी नामागांडा त्याला पाहून रीतीप्रमाणे चटईवर गुडघे टेकून बसली. "कसे आहात, स्सेबो? घरची मंडळी बरी?"

"बरी आहेत. ती करपा न लागणारी केळ आहे का तुमच्याकडे?"

"म्हणजे कियेंबा-याब्बा. आहे की."

पलीकडची विक्रेती हसली. "तिच्याकडचा चोर बुटका आहे, साहेब. माझा चोर बघा, कसा उंच."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "काय नाव म्हणालात?"

"कियेंबा-याब्बा. कियेंबाने चोरली," नामागांडा अदबीने म्हणाली. "कोण मेला हा कियेंबा, देव जाणे. पण शिजते अगदी लोण्यासारखी. तुमचं नाव काय, स्सेबो?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी घड निरखत राहिले.

त्याने पैसे मोजले आणि दोन मुनवे घेतले. आम्ही गाडीने परत निघालो.

"तिकडे शेतकऱ्यांनी ठेवलेलं नाव जसंच्या तसं द्यावं लागतं," तो म्हणाला. "प्रबंधाच्या शीर्षकात. अर्थासकट."

"ठाऊक आहे. त्या वृत्तीचे नियम मीही वाचले होते."

"बदल ना ते नाव."

"आता ते माझं कुठे राहिलंय? नामागांडाला सांग बदलायला. बाई भली आहे. फक्त का बदलायचं, ते विचारेल."

खिडकीबाहेर परसांमागून परसे सरकत होती, आणि प्रत्येकात रुंद, निष्कलंक पाने वाऱ्यावर हलत होती. संतापाच्या भरात तो मुनवे बाहेर भिरकावील, एवढी एकच भीती मला होती. त्याने तसे केले नाही. चिखलाने माखलेल्या विजारीवर ते आडवे धरून तो बसला. आणि गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा त्याने त्यांना दोन्ही हातांनी छातीशी धरले.