सैल क्लिप

“वहिनी आहेत का?” दातांच्या डॉक्टरांनी गाडीची काचही पुरती खाली न करता विचारलं.

मिस्त्री समोरच उभा होता. गॅरेज त्याचं, दारावरची पाटी त्याची, आणि तरी हल्ली येणारा प्रत्येक जण असाच त्याच्या खांद्यावरून आत डोकावायचा.

“मला सांगा की. काय होतंय?”

“चढावर जोर लावला की मरते. पण असू दे, वहिनींनाच दाखवतो.”

वहिनी म्हणजे त्याची बायको. फोन घ्यायला म्हणून ती गॅरेजात बसायला लागली आणि बसल्या बसल्या स्कॅनर शिकली, मग टर्बो शिकली. तिच्या हातची गाडी परत येत नाही, असा आता बोलबाला होता. तो ऐकला की मिस्त्रीच्या पोटात दुखायचं.

“दाब हद्दीबाहेर जातोय,” पडद्यावरची नजर न काढता ती डॉक्टरांना सांगत होती. “टर्बो इंजिनात हवा कोंबतो. जास्त झाली की या नळीतला दाब झडप उघडतो, मग टर्बो जरा दमानं घेतो. तुमची नळी चिरलीय. झडप उघडतच नाही, म्हणून शेवटी कॉम्प्युटर इंजिनाचा गळा धरतो.”

“किती सोपं करून सांगता हो! आमच्या कॉलेजात शिकवायला या.”

मिस्त्री जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता. त्याला कुणी कॉलेजात बोलावलं नव्हतं.

नवी नळी बसवता बसवता तिचा फोन वाजला. “अहो, तेवढी क्लिप आवळता?”

तेवढी! मिस्त्री वाकला, स्क्रूवर पेचकस टेकवला आणि हात थांबला. क्लिप सैल राहिली तर नळी आज ना उद्या निसटेल. डॉक्टर तणतणत येतील. एकदा तरी हिच्या हातची गाडी परत येऊ दे. त्यानं बॉनेट लावलं.

फोन टेबलावर टाकून ती आली आणि सरळ चालकाच्या जागी बसली. “चला डॉक्टर, चढावर चालवून बघू.”

मिस्त्रीनं तोंड उघडलं. पण डॉक्टर शेजारीच होते, त्यांच्यादेखत काय सांगणार? गाडी फाटकाबाहेर गेली.

मग त्याला तो चढ आठवला. एका अंगाला दरी, समोरून खडीचे ट्रक. त्यानं फोन लावला. टेबलावर वाजला. तो तसाच ग्रीसच्या हातांनी स्कूटरवर बसला.

वळणावर गाडी आडवी उभी होती. उजवा आरसा तुटून लोंबत होता. डॉक्टर दगडावर बसले होते, चेहरा पांढराफटक. “ओव्हरटेक करताना मेली हो! ट्रक अगदी घासून गेला.”

बॉनेट उघडं होतं. बायकोच्या हातात क्लिप होती. तिनं मिस्त्रीकडे पाहिलं. तेवढ्यात दोघांचं सगळं बोलून झालं.

“असं कसं झालं पण?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “क्लिप आवळायची राहिली.”

डॉक्टर उठून लोंबत्या आरशापाशी गेले. मग म्हणाले, “मी मिस्त्रींनाच दाखवायला हवी होती.”

इतके दिवस जे ऐकायला कान आसुसले होते, ते असं ऐकू आलं. मिस्त्री खाली बघत राहिला.

घरी तिनं भांडण काढलं नाही. त्याला वाटलं होतं, काढेल. त्यानं दोनदा विषयाजवळ जाऊन पाहिलं, तर तिनं “जेवून घ्या” म्हटलं.

गिऱ्हाइकं पुन्हा त्याला विचारू लागली. एका दुपारी त्यानं एका टॅक्सीचं चाक बसवलं, नट आवळले आणि उठला. ती आपला पान्हा घेऊन आली, चाकासमोर बसली आणि एकेक नट पुन्हा तपासू लागली.

“अगं, आवळलेत मी.”

“हो,” ती म्हणाली आणि पुढच्या नटाला पान्हा लावला.

तिची सावली चाकावर पडत होती. मिस्त्रीनं हुकावरचा दिवा काढला आणि तिला नीट दिसेल असा धरून उभा राहिला.