खिशातली किल्ली

आईच्या उशाशी बसायच्या पाळ्या भावाबहिणीने वाटून घेतल्या होत्या, पण एकमेकांशी चकार शब्द न बोलता. दुपारी एक ते पाच मेस्त्री, पाचनंतर त्याची बहीण चिमी. पाचला दहा कमी असताना शेजारची मावशी येऊन बसायची, मेस्त्री मागच्या जिन्याने उतरायचा आणि मग चिमी पुढच्या जिन्याने चढायची. "सीमेवरच्या चौकीलासुद्धा एवढा बंदोबस्त नसेल," मावशी म्हणायची. सात वर्षांत त्या दोघांची समोरासमोर गाठ पडली नव्हती.

मेस्त्री हे नावच तेवढं उरलं होतं. एकेकाळी तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि चिमीचा नवरा त्याच्या हाताखाली असायचा. लिफ्टच्या खड्ड्यात माणूस उतरायचा असला की मेस्त्री मेन स्विच पाडायचा, त्याच्या पेटीला कुलूप घालायचा आणि किल्ली खाली उतरणाऱ्याच्या खिशात द्यायचा. त्या कुलपाला दुसरी किल्ली नसायची. त्या दिवशीही त्याने तसंच केलं आणि केबल आणायला गाडीपाशी गेला. तेवढ्यात लिफ्ट बंद म्हणून नवव्या मजल्यावरच्यांनी आरडाओरडा केला, इमारतीच्या मॅनेजरने कुलूप तोडलं आणि स्विच चढवला. लिफ्ट खाली आली तेव्हा मेव्हणा खड्ड्यातच होता.

चौकशीत मॅनेजर शपथेवर म्हणाला, कुलूप नव्हतंच. मेस्त्री ओरडून सांगत होता, किल्ली मेव्हण्याच्या खिशात आहे, बघा. कपड्यांचं गाठोडं हॉस्पिटलने चिमीच्या हवाली केलं होतं. तिला सातवा महिना होता. साहेबांनी विचारलं तर तिने खाली मान घालून सांगितलं, "खिशात काही नव्हतं."

तिने गाठोडं उघडून बघितलेलंच नाही, हे मेस्त्रीने तिथेच ओळखलं. लहानपणी गुडघा फुटला तरी ही पोरगी डोळे गच्च मिटून घ्यायची. तो तडक तिच्या घरी निघाला, तर आई दारात आडवी उभी राहिली.

"तिच्या पोटात जीव आहे. ते कपडे आत्ता तिच्यापुढे सोडलेस तर ती हातची जाईल. किल्ली कुठे आहे ते देवाला दिसतंय ना? तो काढेल बाहेर."

"आणि तोवर मी काय करू?"

"थांब," आई म्हणाली.

थांबला. दोन वर्षं तुरुंगात थांबला. लायसन गेलं. बाहेर आल्यावर चिमीला एकदाच निरोप धाडला, तर उत्तर आलं, 'माझा माणूस मारलास, आता त्याचे खिसे चाचपायला सांगतोस?' तेव्हापासून तो लोकांची पार्सलं पाठीवर घेऊन जिने चढत होता. लिफ्टमध्ये पाय ठेवायचं धाडस त्याला होत नव्हतं. भाची त्याने फक्त एकदा पाहिली होती, रस्त्याच्या पलीकडून, पाठीला दप्तर लावलेली. आपल्याला तिने एकदा मामा म्हणावं, एवढंच त्याला आता हवं होतं. लायसनचं त्याने मनातून कधीच काढून टाकलं होतं.

त्या दुपारी आईला चमच्याने पाणी पाजताना त्याचा तोल गेला. "तुझ्या देवाचं घड्याळ बंद पडलंय, आई."

आई कशीबशी हसली. "मग कर की दुरुस्त. मेस्त्री ना तू?"

साडेतीनला ती गेली. हातातला चमचा खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

मावशीने चिमीला निरोप दिला. आज मागच्या जिन्याने उतरायचं त्याच्या जिवावर आलं. आईला एकटीला टाकून जाणार कसं? शिव्या घालायच्या तर घालू दे, म्हणून तो तिथेच बसून राहिला.

पाचला चिमी आली. एका हाताला मुलगी, काखेत पांढरी चादर. आईने आपल्यावर घालायला म्हणून ती चादर केव्हाच तिच्या ट्रंकेत ठेवायला दिली होती. चिमीने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मूठ उघडली. पितळी किल्ली होती, काळी पडलेली. त्यावरचा चौदा आकडा मेस्त्रीने स्वतः ठोकून उमटवला होता.

"गाठोडं चादरीच्या वर होतं," ती म्हणाली. "उचललं तर गाठच सुटली. दादा, मी तेव्हा बघितलंच नव्हतं रे. माझी हिंमतच झाली नाही. न बघताच सांगून टाकलं."

त्याने किल्ली घेतली. आनंद झाला नाही. देवाचा भयंकर राग आला. सात वर्षं थांबवलंस, वर आणखी दीड तास कशाला? आईला एकदा बघू दिलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?

चिमी रडत होती. "उद्या कचेरीत येते मी. खोटं बोलले म्हणून लिहून देते. मग माझं काय करायचं ते करू देत."

मुलगी दोघांच्या मधून पुढे आली आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. चिमीने डोळे पुसले. "हा तुझा..."

"मामा," मुलगी म्हणाली. "मला माहितीये. आजी रोज सांगायची, मामा येणार आहे म्हणून."

मेस्त्रीने चादरीचं एक टोक धरलं, चिमीने दुसरं. ती आईच्या अंगावर पसरताना मुलीने मधला भाग नीट केला.