एका बोटाचा नमस्कार

"सोडू नकोस हां, फिल."

"नाही सोडत," मी म्हणाले आणि सीटखालचा हात काढून घेतला.

मॅलकी हॅनरॅटी आठ-दहा हात सरळ गेला. मग मी मागे नाही हे त्याच्या लक्षात आलं, त्यानं वळून पाहिलं आणि सायकलीसकट माझ्या सरपणाच्या ढिगात जाऊन पडला. उठल्यावर गुडघे तपासायच्या आधी त्यानं फाटकाबाहेर कुणी बघत नाही ना ते पाहिलं. पासष्ट वर्षांचा सहा फुटी माणूस आणि हातात माझी जुनी, आकाशी रंगाची, पुढे टोपली लावलेली बायकांची सायकल. हसू लपवायला मला गोठ्याकडे तोंड फिरवावं लागलं.

अडतीस वर्षं मॅलकी कौन्सिलच्या नोकरीत रस्त्यावर होता. लॅटनाकॉरच्या चर्चपासून तळ्याला वळसा घालून परत येणारे आमचे सगळे अरुंद रस्ते त्याच्याकडे. कडेचे चर उपसायचे, खड्डे बुजवायचे, कुंपणाच्या काटेरी फांद्या छाटायच्या आणि रस्त्याच्या मधोमध उगवणाऱ्या गवताशी भांडायचं, हे त्याचं आयुष्य. आमच्या मोनॅहन जिल्ह्यात सपाट असं काही नाही, पण उंचही काही नाही. एका उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाला निम्म्यापर्यंत पुरतो, उरलेलं निम्मं आपण रेटायचं. मी चाळिशीपासून सायकल क्लबात आहे, समुद्राकाठचे नावाजलेले रस्तेही तुडवून झालेत. आमच्या रस्त्यांची सर कशालाच नाही, हे मी कुणालाही भांडून सांगेन.

एवढ्या वर्षांनी कौन्सिललाही ते पटलं. एकवीस मैलांचा सायकलचा मार्ग ठरला आणि वळणावळणावर तपकिरी पाट्या बसल्या. सगळ्या मॅलकीनंच ठोकल्या. त्याची निवृत्ती मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होती. सोरखा नावाच्या इंजिनियर मुलीच्या डोक्यात आलं की रविवारी मार्गाचं उद्घाटन करायचं आणि सगळ्यांच्या पुढे मॅलकीनं सायकल चालवायची. गावच्या हॉलमधल्या सभेत टाळ्या पडल्या. मॅलकी म्हणाला, चालेल.

त्याला सायकल येत नव्हती. घरात सहा भावंडं आणि सायकल एक. हा सगळ्यांत धाकटा, कायम पुढच्या दांडीवर बसलेला. त्याची पाळी आली तेव्हा सायकल गंजून गेली होती, आणि मग ट्रॅक्टर आला. जन्म रस्त्यावर काढलेल्या माणसाला सायकल येत नसेल हे कुणाच्या मनातही आलं नाही, आणि त्यानं सांगितलंही नाही. तो माझ्याकडे आला, कारण माझ्याकडे दोन सायकली होत्या आणि माझ्या पोटात गोष्ट राहते असं त्याचं मत होतं. सगळ्या पंचक्रोशीत असं मत असलेला तो एकटाच असावा.

तीन आठवडे हातात होते. सकाळी सहाला यायचा, सरपणात पडायचा, चहा पिऊन जायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याला तोल सापडला आणि आम्ही रस्त्यावर आलो. क्लबाचे नियमही मी त्याला घोटून घोटून शिकवले. एकामागे एक चालताना पुढचा जो इशारा करेल तोच मागच्यानं करायचा, ओळीच्या शेवटपर्यंत. पुढच्यानं खड्डा दाखवला की मागच्यानं दाखवायचा. का ते विचारत बसायचं नाही. मॅलकीला हे फार आवडलं. "कौन्सिलात असं असतं तर," तो म्हणाला, "माझे निम्मे खड्डे आधीच बुजले असते."

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्याकडे रस्त्यात कुणीही भेटो, गाडीत असो, ट्रॅक्टरवर असो की फाटकाशी उभं असो, स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं. ओळखीचा असो वा नसो. त्याहून जास्त केलं तर लोक म्हणतात याचं काहीतरी काम दिसतंय, आणि तेवढंही केलं नाही तर माणूस मनातून उतरतो. मॅलकीचं बोट तर घड्याळासारखं. माझा भाऊ पॅकी अर्धांगवायूनंतर अकरा वर्षं तळ्यावरच्या घरात खिडकीशी बसून होता. बोलणं गेलेलं. रोज सकाळी दहाला मॅलकीची गाडी खालून जायची, काचेमागे एक बोट वर व्हायचं, आणि इकडे खुर्चीच्या हातावर पॅकीचं. मॅलकीची सुट्टी असली की पॅकी दिवसभर जेवणावर राग काढायचा. तो जाऊन चार वर्षं झाली. घर बंद आहे. सायकलवर असले की तेवढा पट्टा मी जरा जोरात काढते.

तर सायकलवर मॅलकीला ते बोट उचलता येईना. पहिल्यांदा उचललं तेव्हा तो सरळ चरात गेला, स्वतःच मार्च महिन्यात उपसलेल्या. त्यानंतर त्यानं हँडल जे धरलं ते धरलंच. आणि नेमकी जोसी मॅकार्डल कोंबड्यांना दाणे टाकायला फाटकाशी आलेली. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात तिनं मला गाठलं.

"मी काय दगड आहे का गं? समोरून गेला, माझ्या डोळ्यांत बघत गेला, आणि बोट नाही. अजून पेन्शन सुरू व्हायचीय, आत्ताच एवढा तोरा?"

मॅलकी बायकांच्या सायकलवर होता याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. मी त्याच्या वतीनं काहीबाही पुटपुटले. बुधवारपर्यंत आणखी तिघांची तोंडं वाकडी झाली. एकानं तर दुकानाच्या दारातून मॅलकीच्या गाडीकडे पाहून मुद्दाम दोन्ही हात खिशात घातले. हे मॅलकीला फार लागलं. गुरुवारी सकाळी तो सायकल न घेताच माझ्या पायरीवर बसला.

"सोरखाला सांग, माझी कंबर धरली."

"पडायची भीती वाटते का?"

"पडलो तर हसतील, मी उठेन. त्याचं काही नाही." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण एकवीस मैल फाटकाफाटकात माणसं उभी असणार, फिल. आणि मी काठी गिळल्यासारखा समोर बघत त्यांच्या पुढून जाणार? अडतीस वर्षं यांच्या दारावरून गेलो. शेवटच्या दिवशी असा जाऊ?"

मी म्हणाले, "मान हलव. मान काही हँडलला बांधलेली नाही." त्यानं बसल्या जागी मान हलवून पाहिली. हे काही खरं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण येतो म्हणाला.

तो गेल्यावर मी माझी दुसरी सायकल काढली आणि तडक जोसीकडे गेले. मॅलकीला सायकल येत नव्हती, आता येते, पण हात सुटत नाही, हे सगळं तिला सांगितलं आणि वर बजावलं की कुणाजवळ बोलायचं नाही. बातमी सगळ्या गावात पोचवायची असेल तर यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

रविवारी ऊन पडलं. कुंपणांवर काटेरी झुडपांची पांढरी फुलं इतकी होती की खालचं हिरवं दिसत नव्हतं. शेजारच्या गावांतून, पार कॅव्हनहूनही सायकल क्लबांचे लोक आले, चाळीसएक सायकली झाल्या. सोरखानं फीत कापली. पुढे मॅलकी, चर्चला जायचा कोट, विजारीला क्लिपा, टोपलीत त्याचं हॅम सँडविच. मागे मी. बाकीचे माझ्या मागे.

पहिलं फाटक जोसीचं. ती नवा एप्रन घालून उभी होती आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबलेले. मॅलकीची पाठ ताठ झालेली मला मागून दिसली. त्यानं मान हलवली. जोसीनं हात तसेच खिशात ठेवले आणि उलट मान हलवली, चांगली दोनदा. माझ्या मागच्या चाळीस जणांनी क्लबाच्या नियमाप्रमाणे ओळीनं माना हलवल्या.

पुढच्या फाटकाशी म्हातारा हॅमिल हाताची घडी घालून उभा. त्यानंही नुसती मान हलवली. त्याच्यापुढे डफींचं अख्खं कुटुंब, बाळ धरलेल्या आईपासून आजीपर्यंत, सगळ्यांचे हात खाली आणि माना वरखाली. एक ट्रॅक्टरवाला रस्ता द्यायला कडेला थांबला होता, त्यानंही दोन्ही हात मांडीवर ठेवून मान हलवली. एकवीस मैलांत फाटकातल्या एकानंही बोट वर केलं नाही. मला मजा वाटत होती आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम.

सात-आठ फाटकं झाल्यावर मॅलकीनं पुढे बघतच विचारलं, "फिल, या सगळ्यांना झालंय काय?"

"मला काय ठाऊक? नवीन पद्धत असेल."

"तू सांगितलंस."

"एकटीलाच सांगितलं."

तो हसायला लागला. हसताना सायकल या कडेची त्या कडेला गेली, पण त्यानं सावरली. त्यानंतर तो असा सुटला की चढावर मला दम लागला. स्वतः ठोकलेल्या प्रत्येक पाटीपाशी तो मोठ्यानं तिचा नंबर म्हणत होता.

तळ्याच्या वळणानंतर पॅकीचं घर आलं. मी सवयीनं पायडल जोरात मारलं, पण पुढे मॅलकी होता आणि तो हळू झाला होता, त्यामुळे मलाही हळू व्हावं लागलं. चार वर्षांत मी त्या घराकडे नीट पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण डोक्याइतकं वाढलेलं, पण खिडकीसमोरचा तेवढा तुकडा कमरेपर्यंत छाटलेला होता, तोही यंदाच. पॅकीला रस्ता दिसावा म्हणून मॅलकी तो तसा ठेवायचा. तो अजूनही छाटत होता हे मला माहीत नव्हतं.

फाटकाशी कुणी नव्हतं. मॅलकीचा उजवा हात हँडलवरून सुटला. सायकल डगमगली. हात तसाच वर राहिला आणि एक बोट वर झालं, काचेमागे व्हायचं तसंच. मग त्यानं हँडल पुन्हा धरलं.

मीही बोट वर केलं. तळ्याच्या शेवटाला मागे वळून पाहिलं तेव्हा ओळ अजून खिडकीखालून सरकत होती. पुढच्यानं केलं म्हणून मागचा करत होता, एकामागून एक, त्या बंद खिडकीकडे बघत. सगळ्यांत शेवटी कॅव्हनची एक बाई होती, लाल टोपीतली. त्या घरात कोण राहायचं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनंही बोट वर केलं.